शेळ्यांची मुसकी

सन एकोणीसशे शहाण्णव. शाळेच्या दाखल्यावर माझं वय तेव्हा बावन्न होतं, आणि आई सांगायची त्या हिशेबानं चोपन्न. दाखला गुरुजींनी अंदाजानं लिहिलेला, म्हणून मी आईचं खरं धरतो. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली. पुढचं वाचणं-लिहिणं हट्टानं शिकलो. हे जे लिहितोय ते माझ्याच हातचं आहे, कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही.

आमचं गाव नगर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. पाऊस आधीच बेताचा, आणि पडला तो डोंगरावरून पळत ओढ्यात, ओढ्यातून खालच्या गावाला. त्या साली एका संस्थेनं पाणलोटाचं काम आणलं. डोंगरावर आडवे चर खणायचे, चरांच्या भरावावर रोपं लावायची, ओढ्याला जागोजाग दगडी बांध घालायचे, म्हणजे पाणी गावच्याच रानात मुरेल. संस्थेकडून एक तरुण बाई यायची. केडगावला खोली घेऊन राहायची, एसटीनं फाट्यावर उतरायची आणि तिथून चालत. सगळं गाव तिला ताई म्हणायचं. माझ्या लेकीएवढी असून मीही ताईच म्हणायचो.

तिची कामाची रीत मला पटली होती. सरकारी काम कसं, आधी सगळा नकाशा कचेरीत तयार होतो आणि मग गावावर येऊन पडतो. ताई म्हणाली, तसं करायचं नाही. थोडं काम करायचं, महिन्यानं सगळ्यांनी मिळून शिवारात फिरायचं, झालेलं डोळ्यांनी बघायचं, चुकलं असेल ते तिथंच बदलायचं आणि मगच पुढचं ठरवायचं. या फिरण्याला सगळे ‘फेरी’ म्हणायचे. नांगरणारा माणूस तासाच्या, म्हणजे नांगराच्या रेघेच्या, शेवटाला वळताना मागं बघतोच की, तसंच हे. दुसरा नियम असा की, हात वर करून काही मंजूर करायचं नाही. प्रत्येक वाडीवस्तीचा एक माणूस समितीत. ठरवताना सगळे हजर पाहिजेत, आणि एका घरानं जरी ‘नको’ म्हटलं तरी तेवढं काम थांबवायचं, त्या घराशी बोलायचं, मिटलं की पुढं. हा नियम मला फार आवडला. हात मोजायची वेळ आली की आमच्या वस्तीचे हात गावात कायम कमीच पडत आलेले.

पहिली बैठक मारुतीच्या देवळात ठेवली होती. मी पायरीखाली उभा राहिलो. समितीचा अध्यक्ष म्हणजे तात्या. तो आतून म्हणाला, "वर ये की गड्या, आता कोन आडवतंय तुला?"

मी म्हणालो, "कोन आडवत न्हाई म्हनूनच येत न्हाई."

छप्पन सालापर्यंत आमच्या माणसांना त्या पायरीवर चढू दिलं नाही. छप्पन सालानंतर आमच्या घरातले देव गेले, तेव्हापासून आम्हीच चढत नाही. यात राग नाही, नेम आहे. ताईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तात्याकडं, आणि सगळी बैठक उठवून शाळेच्या ओसरीवर नेली. त्याच दिवशी वस्तीचा माणूस म्हणून मला समितीत घेतलं.

तात्या आणि मी बरोबरीचे. त्याचं रान ओलिताखालचं, माझा तुकडा कोरडवाहू. पण बहात्तरच्या दुष्काळात त्यानंही माझ्या शेजारी बसून खडी फोडली होती. भुकेच्या दिवसांत शेजारी बसलेला माणूस पुढं कितीही मोठा झाला तरी त्याला अरे-तुरे करता येतं. कामात मीही मागं नव्हतो. ओढ्यावरचा शेवटचा बांध माझ्या हातचा आहे, सिमेंटाचं बोट न लावता रचलेला. अजून त्याचा दगड हललेला नाही. जाऊन बघा.

आता शेळ्यांचं सांगतो, कारण लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

डोंगरावर रोपं लावायची म्हणजे चराईबंदी आलीच. ती सगळ्यांना मान्य होती, मलाही. डोंगराच्या पलीकडं शेजारच्या गावचा मोठा माळ आहे. तिथं आमच्या माणसांची सोयरीक, त्यामुळे चारायला कुणाची ना नव्हती. वस्तीतल्या बाया शेळ्या घेऊन खिंडीतून त्या माळावर जायच्या. खिंड म्हणजे डोंगराची बसकी मान, वाट सोपी. चराईबंदीत खिंडही बंद झाली. आता माळावर जायचं तर डांबरी सडकेनं सगळ्या डोंगराला वळसा घालायचा, ट्रका-टेम्पोंच्या कडेकडेनं. बाकीच्या बायांनी शेळ्या विकल्या, कुणी दावणीला बांधल्या. माझ्या बायकोनं विकल्या नाहीत आणि बांधल्याही नाहीत.

त्या शेळ्या तिच्या होत्या. लग्नात तिच्या आईनं एक संगमनेरी पाठ, म्हणजे न व्यायलेली तरणी शेळी, तिच्याबरोबर लावून दिली होती. सगळा कळप त्या एका पाठीचा. घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. लेक तिच्या घरी, मुलगा पुण्याला कारखान्यात. दिवसभर तिला बोलायला शेळ्याच. ताईनं तिला समजावलं की शेळ्या बांधूनही पाळता येतात, चारा कापून घालायचा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बांधलेली शेळी दूद देती ताई, पन ती मग शेळी ऱ्हात न्हाई."

तिला दम लागायचा. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्यातून काळजाची झडप आखडली असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. चालणं कमी करा म्हणाले. ती रोज सडकेचा वळसा घालून जायची आणि येताना मैलाच्या दगडांवर बसत बसत यायची. खिंडीतून जाऊ द्या, एवढीच तिची मागणी. तिथं चारायचं नाही, नुसतं पार व्हायचं. वाट मिळाली तर शेळ्या राहणार, नाही तर त्या नाही तर ती, कुणीतरी सडकेवर पडणार, हे घरात दोघांनाही कळत होतं.

तुम्ही विचाराल, तू का नाही गेलास शेळ्यांमागं? विचारा. माझा बाप लहानपणी गावची शेरडंगुरं वळायचा, शिळ्या भाकरीवर, आणि ती भाकरी त्याच्या पंच्यात वरून टाकायचे. मला मिसरूड फुटायच्या आधीच मी ठरवलं होतं की हातात फावडं घेईन, घण घेईन, पण शेळ्यांमागची काठी घेणार नाही. तिला हे ठाऊक होतं. एवढ्या संसारात तिनं एकदाही म्हटलं नाही की आज तुम्ही जा.

समितीत मी तिची मागणी मांडली. तात्या म्हणाला, "तुझं खरं हाय. पन शेळीचं पाय वाटंवर ऱ्हात्यात, तोंड ऱ्हात न्हाई."

त्याचंही खोटं नव्हतं. खिंडीच्या दोन्ही अंगांना रोपं कोवळी. शेळी जाता-जाता शेंडा खुडते, आणि शेंडा गेलेलं रोप कायमचं खुरटतं. ठरलं काय, तर पुढच्या फेरीत जागेवर जाऊन बघू.

घरी येऊन मी तिला म्हणालो, "नियम हाय. एका घरानं नको म्हनलं की काम थांबतंय. उद्याच नको म्हनतो, मग बघ कशी वाट सुटती."

ती ज्वारी पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "चरावर आपल्याच बाया रोजानं जात्यात. काम थांबलं तर चुली कुनाच्या थांबत्याल? मला वाट पायजे, भांडन नगं. मागून घ्या."

"आन न्हाई दिली तर?"

"आदी मागा तर. तुमी मागायच्या आदीच न्हाईवर येता."

मी हट्टी आहे, गाव सांगेल. पण तिच्यापुढं माझा हट्ट टिकायचा नाही, कारण ती उलटून हट्ट करायचीच नाही, नुसती हातातलं काम करत राहायची. भिंतीशी भांडता येतं, चाललेल्या हातांशी कसं भांडणार?

त्याच आठवड्यात तिनं घरातली सुतळी काढली आणि विणायला बसली. कोळपणीच्या वेळी बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याला मुसकं बांधतात, दोरीची जाळीदार टोपली तोंडावर. तसलीच पण लहान-लहान मुसकी ती विणत होती, शेळ्यांच्या तोंडाच्या मापाची. प्रत्येक शेळीचं माप वेगळं घेतलं. काळीचं तोंड लांबट, तिचं मुसकं दोनदा उसवून केलं. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाली, तात्यांना तोंडाची काळजी हाय ना, तोंडच बांधते.

फेरीच्या दिवशी समिती खिंडीपाशी पोचली तेव्हा ती शेळ्या घेऊन आधीच उभी. सगळ्या शेळ्यांच्या तोंडाला मुसकी. असं आमच्याकडं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. शेळ्याही बावरून एकमेकींकडं बघत होत्या. माणसं हसून हसून वाकली. एकजण म्हणाला, "वहिनी, उद्या कोंबड्यास्नी बी घालचाल का?"

ती म्हणाली, "कोंबड्यास्नी नगं. पन बैठकीला येनाऱ्या काय जनांची मापं घ्यायची हायती."

सगळ्यात जास्त तात्या हसला. मग पुढं होऊन त्यानं काळीच्या तोंडावरचं मुसकं बोटांनी चाचपलं, ओढून बघितलं. वीण घट्ट आहे म्हणाला. ताईचा चेहरा तर फुललाच होता. ती म्हणाली, हे तर आपल्या रीतीनंच झालं, एक महिना करून बघू. रोपाला तोंड लागलं तर वाट बंद, नाही लागलं तर चालू. पण वरच्या वाडीचा माणूस त्या दिवशी नव्हता, पुणतांब्याला लग्नाला गेला होता. सगळे असल्याशिवाय ठरवायचं नाही, हा नियम. मीच तो सगळ्यात मोठ्यानं मान्य केलेला. तेव्हा तात्या तिला म्हणाला, "वहिनी, शब्द देतो. पुढल्या फेरीत पयला विषय तुमचाच."

ती खूश होऊन घरी आली. शेळ्यांना मात्र सडकेनंच नेत राहिली. ठरलेलं नाही तोवर वाट मोडायची नाही, असं तिचं.

पुढच्या फेरीआधी परतीचा पाऊस बेफाम झाला आणि दोन चर फुटले. सगळं पाणी आणि माती खालच्या रानांत. त्यात माझाही तुकडा होता. फेरी त्या फुटलेल्या चरांपाशीच सुरू झाली आणि तिथंच संपली. आधी हे बघू, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. ती घरी वाट बघत बसली होती. काय झालं ते मी सांगितलं तशी म्हणाली, "मग बरूबर हाय. फुटलेलं आदी."

त्याच्या पुढची फेरी म्हणजे पाहुण्यांची. संस्थेला पैसा देणारी कोणी परदेशी माणसं गावचं काम बघायला येणार होती. ताईच्या वरचे साहेब दोन दिवस आधीपासून येऊन बसले. शिवारात फिरणं त्या वेळी झालंच नाही. पाहुण्यांना काय दाखवायचं, कुणी कुठं उभं राहायचं, कुणी काय बोलायचं, यातच वेळ गेला. शाळेच्या पटांगणात गावाचा नकाशा काढायचा ठरलं. कामाच्या सुरुवातीला असा नकाशा गावानं जमिनीवर काढलाच होता, डोंगर कुठं, ओढा कुठं, पाणी कसं पळतं ते ठरवायला. तेव्हा तो वेडावाकडा होता पण आमचा होता. आता तो पाहुण्यांसाठी सुबक पाहिजे होता. रांगोळीला माझ्या बायकोचा हात चांगला, म्हणून तिलाच बोलावलं.

तिला तेव्हा वाकून बसलं की धाप लागायची. तरी गेली. गेरूनं डोंगर काढला, निळीनं ओढा, पांढऱ्या रांगोळीचे चर, घरांच्या जागी चिंचोके. आमच्या वस्तीचे चिंचोके तिनं निवडून ठेवले, चांगले तुकतुकीत. आणि सगळं झाल्यावर पदराच्या गाठीतून चिमूटभर हळद काढून तिनं खिंडीतून एक बारीक पिवळी रेघ ओढली.

समितीचा चिटणीस गावातलाच, पदवी झालेला मुलगा. वाईट नव्हता, अजूनही भेटला की वाकून बोलतो. तो आला, नकाशा बघितला आणि म्हणाला, "काकू, मंजूर झालंय तेवढंच दाखवायचं, असं साहेब म्हणालेत. पाहुण्यांनी याचं विचारलं तर काय सांगायचं?" आणि त्यानं पायानं ती रेघ पुसली. लाथेनं नाही, हळूच, सारवल्यासारखं.

मी उठलोच. तिनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. "बसा."

"अगं, पायानं पुसली."

"हातानं पुसली असती तरी पुसलीच की. बसा."

हळद मातीत पुरती पुसली जात नाही. तिथं पिवळट डाग राहिला. पाहुणे आले, फोटो निघाले, त्या डागाच्या बाजूलाच उभं राहून एका बाईनं काही विचारलं. ताईनं मराठीत सांगितलं की, नकाशा काढणाऱ्या ताईंना कामात काही अडचण आहे का, असं विचारतायत. सगळं गाव तिच्याकडं बघायला लागलं. साहेबांचा चेहरा मला आठवतो. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, तात्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आडचन न्हाई. एक विषय फेरीत घ्यायचा ऱ्हायलाय. तेवडा घ्या."

ताईनं त्यांच्या भाषेत ते सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही. पाहुण्यांनी माना हलवल्या, टाळ्या वाजवल्या. तात्या खाली जमिनीकडं बघत होता.

थंडी सुरू झाली आणि तिचं बाहेर जाणं थांबलं. पायांवर सूज आली. शेळ्या दावणीला बांधल्या, चारा मी कापून घालायचो. ती आतून ऐकत पडलेली असायची आणि आवाजावरून सांगायची, काळी वरडती, तिला उन्हाला बांधा. ती लहानी भुकेली न्हाई, उगं लाडात हाय. खुंटीवर मुसकी टांगलेली होती. त्यांच्याकडं तिची नजर जायची, मी दुसरीकडं बघायचो.

फेरीची तारीख आली तेव्हा आम्ही नगरला सरकारी दवाखान्यात होतो. फेरी झाली, आणि खिंडीचा विषय घेतला गेला नाही, कारण तो वस्तीचा विषय आणि वस्तीचा माणूस हजर नाही. नियमाप्रमाणंच झालं. ज्या नियमासाठी मी गावाशी वाद घातला असता, त्याच नियमानं झालं. दोन दिवसांनी तात्याचा पुतण्या दवाखान्यात भेटायला आला, त्यानं सांगितलं.

ती उशाला टेकून बसली होती. निजता येत नव्हतं. पुतण्या गेल्यावर तिनं विचारलं, "फेरी झाली?"

"झाली."

"घेतला इषय?"

खोटं बोलायची मला सवय नाही. त्या वेळी असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "न्हाई. मी हितं हाय ना."

तिनं मान हलवली. थोडा श्वास घेतला, मग म्हणाली, "मग पुढल्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टरांनी करायचं ते केलं होतं. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

टेम्पोतून गावी आणली. सडकेनंच आणावी लागली, डोंगराला वळसा घालून. वस्तीनं त्रिशरण म्हटलं. तात्या शेवटपर्यंत थांबला होता, चितेपासून लांब, एकटाच. मी त्याच्याशी बोललो नाही, त्यानंही बोलायचा प्रयत्न केला नाही.

पुढचे दिवस पाहुण्यारावळ्यांत गेले. सगळ्यांचं एकच म्हणणं की शेळ्या आता काढून टाका. मुलगा म्हणाला, माझ्याबरोबर पुण्याला चला. शेळ्या बघायला एक व्यापारी आला, त्यानं काळीचा दात बघायला तोंडाला हात लावला. मी त्याला जायला सांगितलं. का, ते त्यालाही सांगितलं नाही आणि मुलालाही नाही. मलाही ते नीट सांगता आलं नसतं. मुलगा चिडून गेला. माझ्यासारखाच आहे.

मग फेरीचा दिवस आला. मी गेलो नाही. कुणासाठी जायचं? दिवसभर बाहेर बाजेवर बसून राहिलो. ऊन कलायला लागलं तेव्हा ओढ्याच्या अंगानं माणसं येताना दिसली. पुढं तात्या, मागं वरच्या वाडीचा माणूस, चिटणीस, ताई, झाडून सगळी समिती. न विचारता माझ्या अंगणात बसली. कुणी दगडावर, कुणी खाली मातीत. ताई दावणीपाशी बसली आणि काळीनं तिचा पदर चघळायला घेतला, तो तिनं सोडवला नाही.

तात्या म्हणाला, "वस्तीचा मानूस न्हाई म्हनून तिकडं ठरंना. म्हनून बैठक हितं आनली. एकच इषय हाय."



त्यानं एकेकाला विचारलं. मुसकी घालून शेळ्या खिंडीतून पार करायच्या, महिनाभर बघायचं, कुणाची हरकत? वरच्या वाडीचा म्हणाला, माझी न्हाई. बाकीचे म्हणाले, न्हाई. चिटणिसानं मान खाली घालून सांगितलं, माझीही नाही. शेवटी तात्या माझ्याकडं वळला. "तुझ्या घराचं काय?"

एका घरानं नको म्हटलं तरी थांबतं. ते ‘नको’ माझ्याजवळ कधीपासून शिल्लक होतं. तिनं वापरू दिलं नव्हतं, आता अडवायला ती नव्हती. फेकून मारायचं म्हटलं तर यापेक्षा चांगली वेळ नव्हती. मी म्हणालो, "आता कुनासाठी तात्या?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "म्या शब्द दिल्ता तिला. पयला इषय म्हनलो आन तीन फेऱ्या घालवल्या. तुला नगं असंल तर नगं म्हन, मी ऐकून घेतो. पन तिनं मागितलेलं ठरवल्याबिगर मला उठवत न्हाई."

त्याचे डोळे भरले होते. तो खडी फोडताना रडला होता, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ गेला होता. त्यानंतर मी त्याला असा आजच बघत होतो. दावणीत शेळ्या उभ्या. आत खुंटीला मुसकी. मागायच्या आधीच तुमी न्हाईवर येता, असं ती म्हणाली होती. इथं तर मागायचंही राहिलं नव्हतं, समोर आणून ठेवलेलं होतं.

मी म्हणालो, "आमच्या घराची हरकत न्हाई."

चिटणिसानं वही उघडली आणि विचारलं, काका, मागणी कुणाची म्हणून लिहू? मी तिचं नाव सांगितलं. त्याच्यापुढं माझं नाव लावायला लागला, तेव्हा त्याला थांबवलं. तिच्या बापाचं लाव म्हणालो, शेळ्या माहेरच्या आहेत.

माणसं उठली. तात्या सगळ्यांच्या मागं राहिला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला आणि मग न ठेवताच गेला. ते बरं केलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटीवरची मुसकी काढली. शेळ्या माझ्या हाताला येईनात. कुणाचं मुसकं कुणाच्या तोंडाला, तेही मला माहीत नव्हतं. काळीचं लांबट, एवढंच आठवत होतं. एक-एक लावून बघत गेलो. काळी तर मान फिरवून दाराकडंच बघत राहिली. तेव्हा मी ती घालायची तशी हाक घातली, जिभेनं टाळूला लावून, ट्र ट्र ट्र करून. इतकी वर्षं रोज ऐकलेली, पण माझ्या तोंडातून कधी निघाली नव्हती. काळीनं कान टवकारले आणि आली.

ओढा ओलांडून खिंडीच्या वाटेला लागलो. दोन्ही अंगांना रोपं गुडघ्याएवढी. शेळ्या तोंडं लावायला गेल्या, मुसक्यांच्या जाळीतून नुसता वास घेऊन पुढं सरकल्या. एकाही रोपाचा शेंडा गेला नाही. पलीकडं माळावर उतरल्यावर मी सगळ्यांची मुसकी काढली, खांद्यावर टाकली आणि शेळ्या सोडल्या. मग एका दगडावर बसलो. हातात काठी होती. तिचीच, माझ्या हाताला आखूड पडत होती.